पैशाचे चित्र

आकड्यांचे चित्र काढणे ही एक कला आहे, आणि कला म्हटली की तिची समीक्षा आलीच. कथा-कादंबऱ्यांच्या परीक्षणाला सरावलेल्या वाचकाला सरकारी मदतीच्या चित्रालेखांवरचे हे टिपण चमत्कारिक वाटेल. आम्हां वऱ्हाडकरांना मात्र ते वाटू नये. आमच्या दुःखाचा हिशेब अशाच चित्रांतून मांडला गेला आहे.

१ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात पाटबंधाऱ्यांसाठी सुमारे २,१७७ कोटी आणि थकीत पीककर्जाच्या व्याजमाफीसाठी ७१२ कोटी होते. विल्यम प्लेफेअरने १८०१ साली वापरलेल्या वर्तुळाच्या रीतीने हे काढून पाहावे. मी शाळामास्तर, कोनमापक हाताशी असतोच. पाटबंधाऱ्यांची फाक २०९ अंशांची, म्हणजे अर्ध्या भाकरीहून मोठी. व्याजमाफीची ६८ अंशांची. आता संकटातील कुटुंबांच्या थेट मदतीसाठी प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याकडे दिलेले ५० लाख, म्हणजे एकूण ३ कोटी, याच मापाने काढा. एक तृतीयांश अंशही भरत नाही! पेन्सिलीच्या रेघेतच ती फाक बुडते.

एवढे सत्य एका दृष्टिक्षेपात सांगणे हा वर्तुळाचा गुण. पण त्याचा दोषही तितकाच मोठा आहे. ते तरतूद दाखवते, प्रवास दाखवीत नाही. व्याजमाफीची रक्कम बँकेच्या खातेवहीत जिरली. शेतकऱ्याला रोकड नव्हे, नव्या कर्जाची वाट मिळाली. सावकाराचे देणे तसेच राहिले. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट. तिथे कालवा शिवारापर्यंत आला की नाही, हाच खरा प्रश्न. वर्तुळ त्यावर मूक असते.

दुसरा प्रकार थैल्यांच्या चित्रांचा. रक्कम दुप्पट झाली की चित्रकार थैली दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद काढतो; डोळ्यांना ती चौपट दिसते. व्हिएन्नात १९२५ साली संग्रहालय उभारणाऱ्या ऑटो न्यूराथने यावर सोपा उपाय दिला: चित्र मोठे करू नका, तेच चित्र पुन्हा काढा. दुप्पट रकमेला दोन थैल्या. पाचवीतल्या पोरालाही त्या मोजता येतात.

परंतु माझ्या मते या कलेतली थोर कृती शार्ल मिनार या फ्रेंच इंजिनिअरची, १८६९ सालची. नेपोलियनच्या रशियावरील स्वारीचा तो नकाशा. ४,२२,००० सैनिकांचा रुंद पट्टा निघतो, वाटेत झिजत जातो आणि परतताना १०,००० माणसांची बारीक रेघ उरते. त्यात रक्ताचा थेंबही काढलेला नाही, तरी अंगावर काटा येतो.

आमच्या मदतीचे चित्र असे हवे. दिल्लीहून निघालेला पट्टा मुंबईत, जिल्ह्यात, तालुक्यात किती रुंद होता आणि बांधावर किती उरला? जिथे तो अरुंद झाला, तिथे कारण लिहिलेले असावे. कादंबरीकार पात्राला घराबाहेर काढून मध्येच सोडून देत नाही. रुपयाची कथा सांगणाऱ्यालाही तशी मोकळीक नाही.

तोवर वाचकांनी एक करावे. वर्तमानपत्रातले असे रंगीत चित्र पाहताना आकड्यांखाली ‘मंजूर’ लिहिले आहे की ‘पोचले’, ते आधी वाचावे.