‘दो आँखें बारह हाथ’ : सुटका आणि स्वीकार

व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटास १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल व आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट-संघटनेचे पारितोषिक लाभले. कथा ग. दि. माडगूळकरांची, तिच्या मुळाशी औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे झालेला खुल्या तुरुंगाचा प्रयोग आहे. तुरुंगसेवा करणाऱ्या आपल्या धर्मसेवकांनी तो अवश्य पाहावा, पण डोळसपणे पाहावा.

खुनाची शिक्षा भोगणाऱ्या सहा कैद्यांना जेलर आदिनाथ ओसाड शेतावर नेतो आणि पहाऱ्याऐवजी विश्वासाने वागवितो. मनुष्य त्याच्या अपराधाहून मोठा आहे, ही श्रद्धा येथे उपदेशातून न येता नांगरटीतून, घामातून व्यक्त होते. चित्रपटाचे खरे सामर्थ्य हेच होय.

तथापि दोन ठिकाणी आमचे समाधान होत नाही. पळू पाहणाऱ्या कैद्यांना परत आणतात ते आदिनाथचे डोळे. एका थोर पुरुषाच्या दृष्टीवर विसंबलेली सदसद्विवेकबुद्धी त्याच्या पश्चात किती टिकेल? दुसरे असे की, समाज या कैद्यांना भेटतो तो मुख्यतः बाजारात, आणि तेथे त्यांच्या वाट्यास व्यापाऱ्यांचा मार येतो. ते सुधारले, पण त्यांना आपल्या आळीत घर कोण देणार, हा प्रश्न चित्रपट शेताच्या बांधावरच सोडून देतो.

फिलेमोनास लिहिलेल्या पत्रात पौल नेमका येथून आरंभ करतो. स्वतः बंदिवासात असताना तो अनेसिमाला परत पाठवितो. अनेसिम हा दास, सुटलेला कैदी नव्हे. परंतु परतणाऱ्याची अडचण तीच. पत्र फिलेमोनाच्या नावे असले तरी त्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही उद्देशून आहे. पौल अनेसिमाचे देणे स्वतःच्या हिशेबी मांडावयास सांगतो आणि त्याला बंधू म्हणून स्वीकारण्याची विनंती करतो. येथे परीक्षा परतणाऱ्याइतकीच दार उघडणाऱ्याची आहे.

हिंडलगा कारागृहाजवळच्या असोत की अन्यत्रच्या, आपल्या मंडळ्या नाताळात कैद्यांसाठी गीते गातात, फराळ नेतात. तोच मनुष्य सुटून रविवारी उपासनेस आला, तर त्याच्या बाकावर शेजारी कोण बसतो? त्याच्या मजुरीसाठी कोणता वडील आपला शब्द खर्ची घालतो? त्याने दुखविलेल्या कुटुंबाकडे कोण जातो? चित्रपट दाखविल्यावर हे प्रश्न मंडळीपुढे ठेवावेत. आदिनाथ एकटा होता. मंडळीने एकाच आदिनाथावर भार टाकून मोकळे होऊ नये.