रोजची भाकर आणि मराठी ख्रिस्ती गद्य

प्रभूच्या प्रार्थनेत भाकरीसाठी जी विनंती आहे, तिच्या ग्रीक पाठातील एका विशेषणाचा निश्चित अर्थ पंडितांना अद्याप लावता आलेला नाही. 'एपिऊसिओस' हा शब्द नव्या करारात केवळ या प्रार्थनेतच आढळतो. आजच्यापुरती, उद्याची, जगण्यास पुरेल एवढी, असे त्याचे निरनिराळे अर्थ सुचविले गेले आहेत. मराठी भाषांतराने 'रोजची' हा सरळ शब्द पत्करला आणि 'अन्न' न म्हणता 'भाकर' म्हटले. या निवडीत भाषांतरकारांना अभिप्रेत होते त्याहून अधिक काही साधले गेले आहे. भाकर उद्या शिळी होते. या बाबतीत ती रानातील मान्नासारखीच आहे. परंतु मान्ना आभाळातून पडला. भाकर मात्र कुणीतरी चुलीपुढे बसून थापावी लागते.

ईश्वर रोजचे रोज पुरवितो हा विश्वास आणि त्यातून उपजणारी कृतज्ञता हे ख्रिस्ती भक्तिजीवनाचे केंद्र होय. मराठीत त्याचा आविष्कार प्रथम गीतांतून झाला व रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांच्या अभंगांत त्याला खरे काव्यरूप लाभले. ते घडू शकले, कारण या भावाची भाषा मराठीत आधीपासूनच सिद्ध होती. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तचरणांपर्यंत आलो, असे टिळक स्वतः सांगत. अनन्यभाव, निश्चिंतपण, देवावर भार घालणे हे सारे देहूहून नगरला चालत आले. त्या भाषेबरोबर तिच्यातील एक रिती जागाही आली, हे मात्र समीक्षकांच्या सहसा ध्यानात येत नाही.

ती जागा जिजाईची होय. तुकोबांची पहिली पत्नी १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात अन्नावाचून गेली. दुसरी जिजाई संसार ओढीत राहिली आणि संतचरित्रांनी तिला कजाग ठरविले. भक्ताने ईश्वरावर टाकलेला भार प्रत्यक्षात कुणाच्या माथ्यावर उतरला, याची नोंद भक्तिकाव्यात येते ती तक्रारीच्या रूपाने, आणि तीही पुरुषाच्या लेखणीतून. टिळकांच्या अभंगांतील समाधान कितीही अकृत्रिम असो, त्याची दुसरी बाजू त्या अभंगांत सापडणार नाही. ती पाहावयाची तर गद्याकडे वळावे लागते. या दृष्टीने दोन स्त्रियांचे लेखन निर्णायक महत्त्वाचे आहे.

पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) आपली साक्ष १९०७ मध्ये इंग्रजीत लिहिली. मराठी वाचकाला ती अनुवादातूनच भेटते. तिचा पूर्वार्ध विलक्षण आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडत असे. जे मिळे ते दानधर्मात जाई. १८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी देवापुढे अनुष्ठाने केली, उपास केले, उरलेसुरले वाटून टाकले. वडील गेले, आई गेली, पुढे थोरली बहीणही गेली. म्हणजे ज्या ग्रंथाचा विषय अक्षय भांडार हा आहे, तो आरंभ करतो तो पूर्णतया विफल झालेल्या एका विश्वासाच्या हकिकतीने. उत्तरार्धात केडगावच्या मुक्तिसदनाचा वृत्तान्त आहे. अमेरिकेतील मंडळाने दिलेली दहा वर्षांच्या साहाय्याची हमी १८९८ मध्ये संपली. दुष्काळातून आणलेल्या मुलींची संख्या वाढत १९०० च्या सुमारास आश्रमवासी जवळजवळ २००० झाले. आणि ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांच्या उदाहरणाने रमाबाई माणसांपुढे हात न पसरता प्रार्थनेवर भिस्त ठेवून राहिल्या.

दोन्ही ठिकाणी प्रार्थना आहे, उपास आहे, निष्ठा आहे. मग एके ठिकाणी मृत्यू आणि दुसरीकडे भाकर, हे कसे? पहिल्यांदा आपण खऱ्या देवाला ओळखत नव्हतो, हे रमाबाईंचे उत्तर. श्रद्धावंताला ते पुरेल. साहित्याच्या वाचकाला पुरणार नाही, कारण त्याच पानांत मरणारी माणसे इतक्या प्रेमाने रेखाटली आहेत की, त्यांचा विश्वास खोटा होता असे म्हणवत नाही. ग्रंथातच दुसरे एक उत्तर अभावितपणे आले आहे, आणि ते अधिक सबळ आहे. डोंगरे कुटुंबाला अंगमेहनतीचे काम येत नव्हते आणि विद्येच्या व कुळाच्या अभिमानापायी ते करवतही नव्हते, हे रमाबाई स्पष्टपणे नमूद करतात. केडगावात याच्या उलट घडले. तेथे विहिरी खणल्या, शेती केली, माग चालविले, छापखाना घातला. पुरवठा ईश्वराकडून येतो ही श्रद्धा अढळ ठेवून रमाबाईंनी तिला हात जोडून दिले. ग्रंथाचा उत्तरार्ध मात्र वाङ्मय म्हणून उणा पडतो. तेथे प्रत्येक अडचणीला उत्तर मिळते, आणि आभार देवाचे असले तरी ते देणगीदारांच्या दृष्टीस पडणार आहेत, ही जाणीव वाक्यांना आखडून टाकते. साक्ष या लेखनप्रकाराचीच ती मर्यादा म्हटली पाहिजे.

लक्ष्मीबाई टिळकांची (१८६८–१९३६) 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली. शिक्षण जुजबी, आणि तेही नवऱ्याच्या हाताखाली झालेले. साक्ष देण्याचा हेतू त्यांच्या मनात असलाच तर तो गोष्ट सांगण्याच्या ओढीत विरघळून गेला आहे. टिळकांच्या हाती पैसा ठरत नसे. मागेल त्याला दिला जाई, सुचेल त्यावर खर्च होई. घरात परक्या मुलांना व पाहुण्यांना तोटा नव्हता. उद्याची चिंता करू नये, हे वचन टिळकांनी अक्षरशः पाळले. कारण चिंता करावयाला घरात दुसरे माणूस होते! १९१७ मध्ये त्यांनी मिशनची चाकरी व वेतन सोडून ख्रिस्ती संन्यास पत्करला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला, तेव्हाही या त्यागाचा अर्धा वाटा न मागता पत्नीकडे आला. भक्तिपरंपरेला जिजाईचे बोल ऐकूच आले नव्हते. येथे जिजाईच्या हाती लेखणी आली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आणि या लेखणीने तक्रार लिहिली नाही, हेच आश्चर्य. नवऱ्याच्या चक्रमपणावर त्या मनसोक्त हसतात, रागावतात, त्याला उघडा पाडतात. त्याच्या विश्वासाची चेष्टा मात्र करीत नाहीत. रिकामा डबा त्या लपवीत नाहीत आणि तो भरला की कुणी भरला हेही सांगतात. शेजारीण, मित्र, अनोळखी गृहस्थ, सगळे आपापल्या चेहऱ्यामोहऱ्यानिशी तेथे आहेत. ईश्वराचे आभार मानताना माणसे पुसून टाकण्याची भाविक लेखनाची जी खोड, तिचा येथे मागमूस नाही. याचे मूळ त्यांच्या पूर्वायुष्यात शोधता येते. त्यांचे वडील सोवळ्यापायी मीठसुद्धा धुऊन घेणारे. त्या घरात अन्न म्हणजे आधी विटाळाची धास्ती होती. जात माणसाने केलेली आहे असा निश्चय झाल्यावर लक्ष्मीबाईंनी कुणाच्याही हातचे पाणी घेण्यास आरंभ केला, तो १९०० मधील बाप्तिस्म्याच्या आधीच. देणाऱ्याचा हात स्वीकारणे ही त्यांच्या ख्रिस्ती जीवनाची पहिली पायरी होती. ज्याच्या हातचे घ्यावयाचे नाही, त्याचे उपकार तरी कसे मानावयाचे?

'स्मृतिचित्रे'ची वाखाणणी विनोदासाठी आणि निरागसतेसाठी पुष्कळ झाली. निरागसता हा शब्द येथे दिशाभूल करणारा आहे. निश्चिंतपणाची किंमत कोण मोजतो हे जाणूनही निश्चिंत माणसावर प्रेम करणे, ही पराकाष्ठेची प्रौढ वृत्ती होय. टिळकांचा निश्चिंतपणा काव्यात टिकला. तो घरात कसा टिकला हे या पुस्तकावाचून कळले नसते. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या निधनाने अपुरे राहिले, तेही लक्ष्मीबाईंनीच पुढे नेले. १९३८ मध्ये ते छापून निघाले, तेव्हा दोघेही हयात नव्हते. त्याच्या बहुतेक अध्यायांची रचना लक्ष्मीबाईंची आहे.