‘देवराई’ ते ‘कासव’ : आजाऱ्याचा सोबती

आजारी माणसाभोवती आपल्या कथा-कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी प्रायः तीनच माणसे उभी केली आहेत : शुश्रूषा करणारी आई वा पत्नी, निदान सांगणारा डॉक्टर आणि समाचाराला येऊन सल्ले देणारा नातेवाईक. चौथा माणूस, म्हणजे त्याच आजारातून गेलेला किंवा जात असलेला दुसरा आजारी, क्वचितच दृष्टीस पडतो. बायबलमधील ईयोबाच्या कथेतही त्याचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ निमूट बसतात आणि तोवर सारे ठीक असते. ते बोलू लागतात तेव्हा त्यांचा प्रत्येक शब्द त्याला जखम करतो. त्यांचा स्नेह खोटा नव्हता, पण राखेत बसण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आलेला नव्हता.

हा चौथा माणूस मराठी कलाकृतीत केव्हा व कसा आला, हे पाहण्यासाठी सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचे ‘देवराई’ (२००४) आणि ‘कासव’ (२०१६) हे दोन चित्रपट आम्ही पुन्हा पाहिले. दोहोंचा विषय मनाचा आजार आणि दोहोंची भूमी कोकण. सुमित्राबाई २०२१ साली निवर्तल्या, त्यामुळे या दोन कृतींमधील वाटचाल आता संपूर्णपणे आपल्यासमोर आहे. ‘कासव’ आम्ही पेण येथे पंधरा-वीस परिचितांसह पाहिला. त्या संध्याकाळी जे घडले तेच या लेखाचे निमित्त होय, परंतु तिकडे वळण्यापूर्वी ‘देवराई’विषयी लिहिणे क्रमप्राप्त आहे.

‘देवराई’तील शेष (अतुल कुलकर्णी) हा स्किझोफ्रेनियाने ग्रासलेला कोकणी तरुण आहे. गावाची देवराई, म्हणजे देवाच्या नावाने राखलेले, कुऱ्हाड न लागलेले रान, त्याच्या मनात इतके खोल रुजले आहे की त्याचे भासही त्या झाडांतूनच उगवतात. त्याची बहीण सीना (सोनाली कुलकर्णी) त्याला आपल्या घरी आणते आणि भावाचा आजार व स्वतःचा संसार यांच्यामध्ये ओढली जाते. चित्रपटाचा सारा भार या बहीण-भावाच्या नात्यावर आहे. हा आजार देवाचा कोप नाही, बाहेरची बाधा नाही आणि संगोपनातील उणीवही नाही. त्यावर औषध आहे आणि ते दीर्घकाळ घ्यावे लागते, हे ‘देवराई’ने स्वच्छपणे सांगितले. आमच्या मते हे तिचे मोठे ऋण आहे. मात्र शेषचे त्याच्यासारख्याच दुसऱ्या कुणाशी नाते जुळणे हा तिचा विषय नाही. त्याच्यासाठी इतर सर्वजण झटतात, परंतु त्याच्या बाजूने पाहणारा कुणी नाही.

या चित्रपटामागे डॉ. जगन्नाथ वाणी यांचे पाठबळ होते. कॅनडातील कॅलगरी येथे संख्याशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या वाणींना हा आजार पत्नीच्या दुखण्यातून कळला आणि त्यातूनच पुण्यातील ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’चे कार्य उभे राहिले. तेथे आजाऱ्याला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी वाहणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. समीक्षकाने या शब्दांपाशी थांबावे, असे ते आहेत. ‘रोगी’ म्हटले की माणूस रोगात बुडतो. ‘वेडा’ म्हटले की तो माणसांतून उठतो. ‘शुभार्थी’ म्हणजे शुभाची इच्छा धरणारा, म्हणजे ज्याला अजून काही हवे आहे असा. ‘शुभंकर’ मात्र देणारा आहे आणि घेणाऱ्या-देणाऱ्याची ही जोडी पुन्हा घरापाशीच थांबते. एका शुभार्थीने दुसऱ्या शुभार्थीचे काय व्हावे, यासाठी आपल्याजवळ ‘समदुःखी’ हा एकच जुना शब्द उरतो आणि त्यात दुःख अधिक, साहाय्य कमी आहे.

हे रिकामे स्थान ‘कासव’ने भरले. जानकी (इरावती हर्षे) स्वतः मनाच्या आजारातून वाट काढणारी स्त्री आहे. तिला जगणे नकोसे झालेला एक अनोळखी तरुण (आलोक राजवाडे) आढळतो. ती त्याला समुद्रकाठच्या घरी नेते. पुढे फारसे काही ‘घडत’ नाही आणि हेच या चित्रपटाचे सामर्थ्य आहे. ती त्याचे नावगाव खोदून विचारीत नाही, त्याच्या संतापाला उत्तर देत नाही, जेवण समोर ठेवते आणि दार उघडे ठेवते. ही रीत तिने कुठल्या पुस्तकातून घेतलेली नाही. आपल्याशी कुणी कसे वागू नये, हे तिला स्वानुभवाने ठाऊक आहे. दुसरीकडे दत्ताभाऊ (मोहन आगाशे) किनाऱ्यावर कासवांची अंडी राखतात. आपल्या रायगड जिल्ह्यातील दिवेआगर-हरिहरेश्वरच्या वाचकांना हे काम परिचित आहे. घरट्याला कुंपण घालायचे, कोल्ह्या-कुत्र्यांपासून ते जपायचे, पण पिल्लू बाहेर आले की ते उचलून पाण्यात टाकायचे नाही. वाळूवरून समुद्रापर्यंत त्याने आपल्या पायांनी जायचे. सोबतीची मर्यादा सांगण्यास यापेक्षा नेमकी प्रतिमा आम्हांस सुचत नाही. २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ या कृतीस मिळाले, ते योग्यच झाले.

तथापि या चित्रपटाविषयी आमची एक तक्रार आहे. जानकीजवळ मोटार आहे, चालक आहे, मोठे घर आहे आणि मुख्य म्हणजे वेळ आहे. करुणेसाठी या गोष्टी आवश्यक नसतात, हे खरे, पण त्या पडद्यावर सतत दिसत राहिल्या की प्रेक्षकाला सोबत हेही सुखवस्तूंचे लेणे वाटू लागते. ही तक्रार आम्ही समीक्षक म्हणून मांडणार होतो. पेणच्या त्या संध्याकाळी ती आमच्या आधी दुसऱ्याच व्यक्तीने मांडली.

चित्रपट संपल्यावर रोह्याहून आलेल्या एक शिक्षिका उठून म्हणाल्या, “त्या मुलाला रस्त्यात जानकी भेटली. माझ्या भावाला कोण भेटणार? अकरा वर्षे मी त्याला दर महिन्याला ठाण्याला नेते. शेजारी विचारतात, तेव्हा सांगते, पोटाचे दुखणे आहे.” क्षणभर कुणी बोलले नाही. मग मागच्या रांगेतील पेणचे एक गृहस्थ हळूच म्हणाले, “ताई, मीही मंडळींना घेऊन ठाण्यालाच जातो. दिवा गाडीने.”

रोह्याहून सुटलेली ती गाडी नागोठण्यावरून पेणला येते आणि पुढे पनवेलवरून दिव्याला जाते. १९०१ सालापासूनचे ठाण्याचे मनोरुग्णालय हे या पट्ट्यातील अनेक कुटुंबांचे शेवटचे स्थानक आहे. ही दोन कुटुंबे कित्येक वर्षे एकाच गाडीत, कदाचित एकाच डब्यात, आपापली औषधाची पिशवी मांडीवर घेऊन, एकमेकांना न ओळखता बसत आली होती. त्या मोटारीचे उत्तर तिथेच मिळाले. जानकी मोटारीतूनच येईल असे नाही, ती समोरच्या बाकावरही असू शकते. मात्र कुणीतरी प्रथम तोंड उघडावे लागते.

नंतरचे संभाषण आम्ही मुद्दाम नोंदवितो, कारण सोबतीचे बळ आणि तिचा धोका दोन्ही त्यात आहेत. त्या गृहस्थांना कुणीतरी सांगितले होते की बाईंच्या गोळ्या हळूहळू बंद करा, आमचा मुलगा असाच बरा झाला. ते त्याच विचारात होते. शिक्षिका म्हणाल्या, “दादा, आम्ही तेच केले होते. दोन महिने फार छान गेले. तिसऱ्या महिन्यात तो रात्री घराबाहेर पडला, तो चौथ्या दिवशी सापडला. तुम्ही बंद करा किंवा करू नका, हे मी कोण सांगणार? पण वहिनींना कशाचा त्रास होतो, सुस्ती की हातांचा कंप, ते लिहून न्या आणि डॉक्टरांना विचारा, मात्रा कमी होईल का, गोळी बदलता येईल का. आम्हांला असे विचारायचे असते हेच ठाऊक नव्हते.”

या बोलण्यात आम्हांस सोबत्याचे संपूर्ण शास्त्र दिसले. “मी असे केले, तुम्हीही करा” असे म्हणणारा अर्धा डॉक्टर होतो आणि अर्धा डॉक्टर घातक असतो. स्वतःची हकीकत, तीही अपयशासह, समोर ठेवणारा आणि निर्णय ज्याचा त्याच्याकडे ठेवून त्याच्या हाती चांगला प्रश्न देणारा, तोच खरा सोबती. उपचारांची निवड करताना आजाऱ्याला उत्तराइतकीच प्रश्नाची गरज असते. येथे ‘देवराई’ आणि ‘कासव’ एकमेकांना पूरक ठरतात. ‘कासव’ची सोबत ‘देवराई’च्या औषधावाचून अपुरी आहे आणि ‘देवराई’चे औषध ‘कासव’च्या सोबतीवाचून एकाकी आहे.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्राने हे फार पूर्वी ओळखले. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ भेटले. दोघेही मद्याच्या आहारी गेलेले आणि त्यांतील एक तर स्वतः शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. ज्ञान असूनही त्याला जे साधले नाही, ते दुसऱ्या मद्यासक्ताच्या सहवासात साधले. त्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ जन्मास आली. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्येही व्यसनातून बाहेर पडलेली माणसे नव्याने आलेल्यांना आधार देतात. मद्यपीला जे मिळाले ते मनाच्या आजाऱ्याला पेण-रोह्यासारख्या गावी सहजी मिळत नाही, याचे कारण लाज. दारू सोडली हे चारचौघांत सांगता येते. मनाच्या गोळ्या घेतो, हे आजही पोटाच्या दुखण्याआड दडवावे लागते.

कायदा पुढे गेला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने उपचार मिळणे हा हक्क मानला आणि आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे तीव्र ताणाखालील व्यक्ती म्हणून पाहावे असे ठरविले. २०२२ पासून ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. परंतु कायदा वा दूरध्वनी समोरच्या बाकावर येऊन बसत नाही. ते काम माणसांचे आहे आणि माणसांना त्यासाठी धीर देणे हे साहित्याचे. आमच्या लेखकांनी आता त्या चौथ्या माणसाला आपल्या कथेत जागा द्यावी. त्याला संत करू नये, त्याच्या तोंडी उपदेश घालू नये आणि त्याचे स्वतःचे दुखणे त्याच्यापासून हिरावूनही घेऊ नये.

पेणची ती दोन कुटुंबे आता ठाण्याचा दिवस एकमेकांना कळवून ठरवितात. बाईंच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी त्यांतील एक बदलली आहे.