दोन साक्षींतले एक घर

परदेशी स्थायिक झालेल्या लेखकाने जन्मगावावर लिहिले, की वाचक त्यात हळहळ शोधतो. अब्दुलरझाक गुर्ना यांची ‘बाय द सी’ (२००१) ही इंग्रजी कादंबरी ती अपेक्षा पुरी करीत नाही. तिचे मोल त्यातच आहे.

गुर्ना यांचा जन्म १९४८ साली झांझिबार बेटावर झाला. जानेवारी १९६४ च्या क्रांतीत तेथील सुलतानाची राजवट उलथली आणि अरब वंशाच्या लोकांवर भयंकर अत्याचार झाले. त्या दशकाच्या अखेरीस तरुण गुर्ना इंग्लंडला गेले. मायभूमी पुन्हा दिसली ती १९८४ मध्ये, वडिलांच्या निधनाच्या थोडे आधी. २०२१ साली त्यांना साहित्याचे नोबेल मिळाले.

कादंबरीचा नायक सालेह उमर उतारवयात गॅटविक विमानतळावर आश्रय मागतो. सोबत उदाची एक पेटी. तीही तेथील अधिकारी काढून घेतो. पासपोर्टवरचे नाव मात्र रजब शाबान या दुसऱ्याच माणसाचे. त्या रजबचा मुलगा लतीफ लंडनमध्ये प्राध्यापक आहे. आपल्या वडिलांचे घर सालेहनेच बळकावले, अशी त्याची लहानपणापासूनची समजूत. इंग्लंडमधल्या एका समुद्रकाठच्या गावात दोघे समोरासमोर बसतात. कर्ज कोणी घेतले, घर गहाण कसे पडले, सालेह तुरुंगात का गेला, हा जुना हिशेब उलगडत जातो. दोघांच्याही आठवणींना दुरुस्ती करावी लागते.

गुर्ना यांचे म्हणणे मला येथे सापडते. एकट्याने जपलेली आठवण ही केवळ फिर्यादीची साक्ष असते. सुटलेल्या देशाशी नाते उदाच्या वासावर टिकत नाही. प्रतिपक्षाची बाजू ऐकायची तयारी असेल तरच ते टिकते.

गुर्ना यांची मातृभाषा स्वाहिली. तिच्यातले किताबू, दुनिया, हबारी, रफिकी हे शब्द उर्दू शिकवणाऱ्या मला घरचेच वाटतात. आपण ज्यांना मोसमी वारे म्हणतो, त्यांच्यावरच अरबस्तान आणि हिंदुस्थानची गलबते झांझिबारला जात. पण या ओळखीने भारावून जाऊ नये, हेही कादंबरीच शिकवते. त्याच वाऱ्यावर आलेला हुसेन हा गोडबोल्या व्यापारी पाहुणा होतो आणि यजमानाचे घर उद्ध्वस्त करून निघून जातो.

एक उणीव मात्र खटकते. लतीफची आई आणि सालेहची पत्नी सालहा या दोघींविषयी आपल्याला कळते ते पुरुषांच्या तोंडून. आईवर मुलगा निकाल देतो, पत्नीसाठी नवरा अश्रू ढाळतो. त्या दोघी स्वतः काही सांगत नाहीत. दोन साक्षींनी सत्य उजळते असे मानणाऱ्या कादंबरीत ही तिसरी साक्ष नोंदवायची राहून गेली आहे.