कृष्णा खोऱ्यातील मत्स्यसर्वेक्षण : यादी आणि गणना

सातारा व सांगली जिल्ह्यांतील कृष्णा व तिच्या उपनद्यांतील माशांवर होणाऱ्या लेखनाचे फलित बहुधा जातींची यादी हेच असते. यादी आवश्यक आहे. तथापि तिलाच मत्स्यसंख्येचा अभ्यास समजणे हा या लेखनातील मूलभूत दोष होय.

या परंपरेचा आरंभ कर्नल साइक्स यांच्या 1841 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दख्खनच्या माशांवरील प्रबंधापासून मानता येतो. खुद्री, फुलुंगी यांसारखी स्थानिक नावे त्यांनी शास्त्रीय नामकरणात घेतली. पुढे 1952 मध्ये सी. व्ही. कुलकर्णी यांनी वर्णिलेल्या निओट्रोपियस खवलचोर या माशाच्या नावातच त्याची इतर माशांचे खवले खाण्याची सवय नोंदली गेली आहे. कोयना नदीवरील 2011 च्या अभ्यासाने 58 जाती नोंदविल्या. जातींची नोंद म्हणून असे काम मोलाचेच आहे.

अडचण पुढे सुरू होते. यादीत खवलचोर आणि तिलापिया या दोघांचेही मोल एकच. परकीय मासा आला की यादी एका ओळीने वाढते. स्थानिक जात शंभरावरून पाचावर आली तरी यादी तशीच राहते. त्यात नमुने मंडईतून घेतले असतील, तर मासा वाहत्या नदीतला, धरणातला की शेततळ्यातला, हेही कळत नाही. खुद्री या महसीराचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. लोणावळ्याच्या केंद्रात त्याचे कृत्रिम प्रजनन यशस्वी झाले (त्यातही कुलकर्णी यांचाच पुढाकार होता) आणि तेथील बीज दूर कावेरीपर्यंत गेले. त्यामुळे एखाद्या डोहात महसीर सापडला, एवढ्यावरून मूळची संख्या टिकून आहे असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरते.

हा वाद केवळ पद्धतीचा नाही. मार्च 2023 मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला. अशा वेळी जातीनिहाय पूर्वसंख्या हाती नसेल, तर मृत माशांच्या वजनापलीकडे नुकसान सांगता येत नाही आणि भोई कुटुंबांच्या भरपाईच्या मागणीलाही आधार उरत नाही.

उपाय खर्चिक नाही. कराडला कोयना कृष्णेस मिळते. त्या संगमाच्या वर व खाली, तसेच वारणा मिळते त्या हरिपूरजवळ ठरावीक ठिकाणे निवडावीत. जाळे तेच, त्याचा आस तोच आणि पाण्यात राहण्याचा वेळही तोच ठेवून दर महिन्याला मिळकत मोजावी. बारीक आसाचे जाळे वगळल्यास लहान मासे नोंदीतून निसटतात, म्हणून तेही हवे. नमुने विभागाच्या संग्रहालयात क्रमांकासह जतन व्हावेत. नावे बदलत राहिली तरी त्यामुळे जुनी नोंद पुन्हा तपासता येते. आणि एखाद्या महिन्यात खवलचोर मिळाला नाही, तर त्याचा रकाना कोरा न ठेवता तेथे शून्य लिहावे.