लॅपटॉपच्या पडद्याला बटण का नाही?

टेबलावरच्या संगणकाच्या मॉनिटरला त्याचे स्वतःचे बटण असते. ते दाबले, की पडदा विझतो आणि टेबलाखालचा डबा आपले काम करीत राहतो. मॉनिटर म्हणजे संगणक नव्हे, ते केवळ निकाल दाखवण्याचे साधन आहे, हे मुले पुस्तकात वाचतात; हे बटण दाबून दाखवले तर ते त्यांना पटते. लॅपटॉपमध्ये पडदा, कळफलक आणि संगणक एकाच कवचात बसवले गेले आणि त्या ओघात हे साधे बटण बहुतेक यंत्रांवरून नाहीसे झाले. ही उणीव किरकोळ नाही आणि ती तांत्रिक अडचणीमुळे राहिलेलीही नाही, असे आमचे मत आहे.

पडदा बंद पण संगणक चालू, अशी गरज कोणाला पडते? रात्रभर मोठी फाइल उतरवून घेणाऱ्याला पडते. वर्गात ध्वनिमुद्रित गोष्ट ऐकवणाऱ्या शिक्षकाला पडते, कारण पडदा उजळलेला असला की मुलांचे डोळे तिकडेच जातात. आमच्यासारख्यांना तर ती वरचेवर पडते. एखादे गणित संगणकावर आठ-दहा तास चालते, तेव्हा पडद्यावर पाहण्यासारखे काहीच नसते. अंधाऱ्या खोलीत अत्यंत क्षीण प्रकाश मोजायचा असेल, तर पडद्याचा उजेड हा शत्रूच. मग लॅपटॉपवर काळे कापड टाकायचे आणि खाली यंत्र तापू लागले की ते काढायचे, असा खेळ चालतो. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमातही हेच. डोळ्यांतील अंधूक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी अंधाराला सरावायला 20 ते 30 मिनिटे लागतात. दुर्बिणीचा कॅमेरा चालवणाऱ्या लॅपटॉपचा पांढरा पडदा क्षणभर समोर आला, तरी रांगेतल्या सगळ्या मुलांची ती मेहनत वाया जाते.

अशा वेळी बहुतेक जण झाकण मिटतात, आणि येथेच घोटाळा होतो. 1982 मध्ये बाजारात आलेल्या ग्रिड कंपास या संगणकापासून शिंपल्यासारखे मिटणारे झाकण रूढ झाले. आज त्या झाकणात एक लहानसा चुंबक असतो आणि खालच्या भागात चुंबकीय क्षेत्र ओळखणारा संवेदक. हा संवेदक बहुधा एडविन हॉल यांनी 1879 मध्ये शोधलेल्या परिणामावर चालतो. झाकण मिटले, की चुंबक संवेदकाजवळ येतो आणि संगणक समजतो, की मालकाचे काम संपले. तो पडदा तर विझवतोच, पण स्वतःही झोपी जातो. फाइल उतरणे थांबते, गणित अडते, गाणे बंद पडते. हे वर्गात दाखवता येते. चालू काम सुरक्षित साठवून ठेवा आणि एक लहान चुंबक कळफलकाच्या कडेकडेने हळूहळू फिरवा. बऱ्याच यंत्रांत एका नेमक्या जागी झाकण उघडे असूनही पडदा काळा होईल. झाकण मिटले आहे की नाही, हे यंत्राला ‘दिसत’ नाही. त्याला फक्त चुंबक कळतो.

दुसरा उपाय म्हणजे पडदाभर काळे चित्र लावणे. तो का अपुरा पडतो, हे समजण्यासाठी पडदा कसा काम करतो ते पाहावे लागेल. द्रवस्फटिकांचा पडदा स्वतः प्रकाश देत नाही. त्याच्या मागे एक प्रकाशपाटी असते. पूर्वी तीत बारीक प्रदीप्त नळ्या असत, आता प्रकाशी डायोड असतात. द्रवस्फटिक हे त्या उजेडापुढचे पडदेवाले. ते विजेच्या इशाऱ्यावर प्रकाश सोडतात किंवा अडवतात. काळे चित्र म्हणजे सगळ्या खिडक्या लावून घेतलेली, पण आत दिवे लख्ख जळत असलेली खोली. साध्या लॅपटॉपमध्ये काळ्या चित्राने वीज जवळजवळ वाचत नाही आणि फटींतून उजेडही झिरपतो. अंधाऱ्या खोलीत तो करडा उजेड स्पष्ट दिसतो. ज्यांचा प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो, त्या ओएलईडी पडद्यांत मात्र काळा बिंदू खरोखर विझलेला असतो. हलती चित्रे दाखवणाऱ्या ‘स्क्रीन सेव्हर’बद्दल तर काय बोलावे! काचेच्या नळीच्या पडद्यावर एकच चित्र तासन्‌तास राहिले तर त्याचा डाग उमटे, म्हणून ती युक्ती निघाली होती. द्रवस्फटिकांच्या पडद्यावर तिचे फारसे काम उरले नाही, आणि वीज तर ती वाचवीतच नाही.

उलट बाजूनेही एक प्रयोग आहे. काही लॅपटॉपांत उजेड कमी करण्याची कळ शेवटपर्यंत दाबली, की मागची प्रकाशपाटी पूर्ण विझते. आता विजेरीचा झोत तिरपा धरून पडद्यावर टाका. पुसट का होईना, पण चित्र दिसेल. म्हणजे दिवा गेला तरी पडदेवाले आपापल्या जागी काम करीतच होते.

वीज किती वाचते? लॅपटॉपच्या पडद्याला साधारण 2 ते 5 वॅट लागतात. उदाहरणासाठी 50 वॅट-तास क्षमतेची बॅटरी घेऊ. पडदा 4 वॅट आणि हलके काम करणारे बाकीचे यंत्र 6 वॅट घेते असे धरले, तर पडदा चालू असताना बॅटरी 5 तास पुरेल आणि पडदा विझवल्यावर 8 तास 20 मिनिटे. हलक्या कामात पडदा हाच मोठा खर्च असतो, म्हणून हा फरक इतका दिसतो. जड गणित चालू असेल, तर प्रक्रियकाचा खर्च वाढतो आणि पडद्याची बचत त्यामानाने किरकोळ ठरते. भारनियमनाच्या गावात बॅटरीवर काम उरकणाऱ्या शिक्षकाला या तीन तासांची किंमत सांगायला नको.

आता टीकेच्या मुद्द्याकडे वळू. पडदा स्वतंत्रपणे विझवण्याची सोय यंत्रात मुळातच आहे. मॉनिटरला झोपवण्याचे संकेत वेसा या संस्थेने 1993 मध्येच ठरवून दिले. त्या वेळच्या मॉनिटरमध्ये संगणकाने पडद्याकडे जाणारी आडवी आणि उभी स्पंदने थांबवली, की मॉनिटर विझे. 1996 च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय हे मानक जाहीर केले. त्यात संपूर्ण संगणकाच्या अवस्था वेगळ्या आणि प्रत्येक उपकरणाच्या अवस्था वेगळ्या मांडल्या आहेत. विंडोजमध्ये तर एखादी आज्ञावली ‘संगणकाला झोपू देऊ नका’ आणि ‘पडदा विझू देऊ नका’ अशा दोन निरनिराळ्या विनंत्या करू शकते. म्हणजे आज्ञावली लिहिणाऱ्याला जो भेद उपलब्ध आहे, तो यंत्र विकत घेणाऱ्या माणसाच्या बोटाखाली मात्र दिलेला नाही. त्याच्या वाट्याला येते ते घड्याळ: इतकी मिनिटे कळफलकाला हात लागला नाही, तर पडदा विझवा. पण हे घड्याळ हात मोजते, डोळा मोजत नाही. शिक्षक फळ्याकडे वळून पडद्यावरची आकृती समजावून सांगत असतात आणि नेमका तेव्हा पडदा काळा होतो. अंधार हवा असलेला माणूस समोर बसून कळा दाबत असेल, तर पडदा उजळलेलाच राहतो.

वाटा आहेत, पण आडवळणाच्या. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये चालू-बंदच्या बटणाला ‘टर्न ऑफ द डिस्प्ले’ हे काम नेमून देता येते. आमच्या मते त्यातल्या त्यात हीच वाट बरी. मात्र काही नव्या यंत्रांत पडदा विझवणे हीच झोपेची पहिली पायरी मानलेली असते, तेव्हा आधी चाचणी घ्यावी. मॅक संगणकावर पडद्याचा एखादा कोपरा त्यासाठी राखून ठेवता येतो. एसर आणि असुस यांच्या अनेक मॉडेलांत एफएन कळीबरोबर दाबायची एक कळ खास याच कामासाठी आहे. सोय देता येते, हे यावरून सिद्धच होते. प्रोजेक्टर जोडलेला असेल, तर विंडोज आणि पी या कळा एकत्र दाबून ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडले, की लॅपटॉपचा स्वतःचा पडदा विझतो. दुसरा पडदा असेल तरच पहिला विझवायची परवानगी, असा हा अजब न्याय आहे. झाकण मिटल्यावर काहीही करू नये, म्हणजे ‘डू नथिंग’, असेही सांगून ठेवता येते. पण ते विसरून चालू यंत्र दप्तरात टाकले, तर उष्णता कोंडून ते चांगलेच तापते. आणि पडदा विझला म्हणजे कुलूप लागले, असेही नाही. परीक्षेचे गुण उघडे ठेवून केवळ पडदा विझवला, तर पुढचा माणूस माउस हलवून ते वाचू शकतो. कुलपासाठी विंडोज आणि एल या कळा आहेत.

उत्पादकांच्या बाजूनेही बोलायला हवे. चुकून ती कळ दाबली गेली आणि पडदा काळा झाला, तर नवखा माणूस यंत्र बिघडले असे समजून दुरुस्तीच्या दुकानात जाईल. ही भीती खरी आहे. पण तिचा उपाय मॉनिटरवाल्यांनी केव्हाच शोधला होता: बटणाशेजारी एक मिणमिणता दिवा. पडदा काळा पण दिवा लागलेला, म्हणजे यंत्र जागे आहे. जुन्या लॅपटॉपांवर अशा दिव्यांची ओळच असे. बॅटरीचा एक, डिस्कचा एक, चालू असल्याचा एक. कवच सडपातळ आणि गुळगुळीत करण्याच्या हौसेत अनेक नव्या मॉडेलांतून तेही काढून टाकले आहेत. त्यामुळे काळ्या पडद्यासमोर बसलेल्या विद्यार्थ्याने यंत्र झोपले आहे, बंद आहे की काम करीत आहे, हे ओळखायचे कसे? उरतो तो पंख्याचा आवाज, आणि ज्यांना पंखाच नाही अशी यंत्रेही आता पुष्कळ आहेत.

पडदा कोणत्याही मार्गाने विझवा, माउस मात्र त्याच टेबलावर ठेवू नका. टेबलाला धक्का बसला, तरी प्रकाशीय माउस तेवढी हालचाल टिपतो आणि अंधाऱ्या खोलीत पडदा पुन्हा लख्ख उजळतो. आम्ही तो उलटा करून खुर्चीवर ठेवतो.