ड्रॅगनवरून पडलेले दोन तट

सन २००७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन ३ या यंत्रासाठी 'लेअर' नावाचा व्हिडिओ गेम अमेरिकेत विक्रीस आला. लेअर म्हणजे श्वापदाची गुहा. ड्रॅगनवर स्वार व्हायचे, ढगांतून झेपावत शत्रूच्या ड्रॅगनांवर, जहाजांवर आणि खालच्या फौजेवर आगीचे गोळे सोडायचे, हा या खेळाचा गाभा. ज्वालामुखींनी दुभंगलेल्या एका जगातील असिलियन आणि मोकाई या दोन समाजांचे युद्ध, आणि आपल्याच पुढाऱ्यांविषयी शंका येऊ लागलेला रोन नावाचा स्वार, असे कथानक. ते बरे आहे. त्यावर फार शाई खर्च करावी असे नाही.

खेळापेक्षा त्यावर झालेला वादच आम्हाला अधिक शिकवून गेला. एका तटाने खेळ मोडीत काढला. आयजीएन आणि गेमस्पॉट या दोन नामांकित समीक्षा-संस्थांनी त्याला दहापैकी पाचही गुण दिले नाहीत. दुसरा तट म्हणत होता की हा भव्य आणि धाडसी प्रयोग आहे, तुम्हाला तो खेळताच येत नाही, शिकायची तयारी नाही, म्हणून तुम्ही बोटे मोडता. विद्यार्थी नापास झाला तर दोष विद्यार्थ्याचा की त्याच्या हाती दिलेल्या साधनाचा, हा प्रश्न शिक्षकांना नवा नाही. तो इथे अगदी उघडावाघडा समोर येतो, आणि त्याचे बरेचसे उत्तर नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रात सापडते. म्हणून हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. ड्रॅगनवर बसून नेमबाजी करण्याचा खेळ काही 'लेअर'ने पहिल्यांदा आणला नाही. १९९५ साली सेगा कंपनीच्या सॅटर्न यंत्रावर 'पँझर ड्रॅगून' आला होता. त्यात ड्रॅगनचा मार्ग आधीच आखलेला असे; रुळांवरून गाडी जावी तसा तो जाई आणि स्वाराने चहूकडे नेम धरायचा. ड्रॅगनला हाकण्याची चिंता जवळजवळ नव्हतीच. 'लेअर'च्या निर्मात्यांनी, म्हणजे फॅक्टर ५ या मंडळींनी, रूळ काढून टाकले. मूळची जर्मनीतील आणि पुढे कॅलिफोर्नियात गेलेली ही संस्था 'स्टार वॉर्स'वरील विमानयुद्धाच्या खेळांसाठी नावाजलेली होती. आकाशातील हालचाल त्यांना कळत नव्हती असे कोणीच म्हणू शकत नाही. तरीही घात हालचालीनेच केला.

प्लेस्टेशन ३ सोबत सिक्सॅक्सिस नावाचा हातातला नियंत्रक मिळे. नेहमीच्या अंगठ्याने फिरवायच्या दांड्या त्यावर होत्याच, शिवाय तो नियंत्रक स्वतःचे कलणे ओळखू शके. 'लेअर'मध्ये ड्रॅगन वळवायचा तो केवळ नियंत्रक कलवून. डावीकडे कलवला की ड्रॅगन डावीकडे, पुढे झुकवला की खाली. नियंत्रकाला झटका दिला की ड्रॅगनने गर्रकन मागे वळायचे, पुढे ढकलला की वेगाने मुसंडी मारायची. दांडीने हाकण्याची सोय सुरुवातीला ठेवलेलीच नव्हती. समीक्षकांना खेळ कसा खेळावा हे समजावणारी एक पुस्तिका सोनीने पाठवली, आणि तिची पुष्कळ टिंगल झाली. आम्हाला मात्र टिंगलीचे कारण दिसत नाही. प्रयोगशाळेत नवे उपकरण आले की आपण माहितीपत्रक वाचतोच.

आता त्या उपकरणाकडे वळू. नियंत्रकाच्या पोटात प्रवेगमापी असतो. सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म स्प्रिंगांवर सिलिकॉनचाच एक तुकडा टांगलेला, आणि त्याच्या बाजूला स्थिर पट्ट्या. तुकडा सरकला की पट्ट्यांपासूनचे त्याचे अंतर बदलते, त्यामुळे विद्युत धारिता बदलते, आणि ती मोजली जाते. नियंत्रक कलला तर गुरुत्वाकर्षणामुळे तुकडा उताराच्या दिशेने सरकतो. पण नियंत्रक सपाट ठेवून नुसता जोरात ढकलला, तरी जडत्वामुळे तुकडा मागे राहतो, म्हणजे सरकतोच! तुकड्याला यातले काय झाले ते कळायला मार्ग नाही.

आकडे घालून पाहू. नियंत्रक ३० अंशांनी कलवला तर त्या दिशेचा गुरुत्वीय घटक ९.८ च्या निम्मा, म्हणजे सुमारे ४.९ मीटर प्रति सेकंद वर्ग होतो. आता हात स्थिर अवस्थेतून एकपंचमांश सेकंदात १० सेंटिमीटर हलवा. अंतर बरोबर अर्धा गुणिले प्रवेग गुणिले वेळेचा वर्ग, या सूत्राने प्रवेग येतो ५. म्हणजे बऱ्यापैकी कलवणे आणि किंचित दचकून हात हलणे, या दोहोंचे मापन जवळजवळ एकच. सिक्सॅक्सिसमध्ये जायरोस्कोपही होता, पण तो एकाच अक्षाभोवतीचे फिरणे मोजणारा, उभ्या अक्षाभोवतीचे. पुढे-मागे झुकणे आणि पुढे-मागे ढकलणे यांत फरक करायला त्याची मदत नाही. आणि 'लेअर'ने नेमके हेच दोन इशारे दोन वेगळ्या आज्ञांसाठी वापरले.

वर्गात हे दाखवायला खेळयंत्र लागत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात वरून ओळंबा टांगा, पुढच्या बाजूला छोटी खिडकी पाडा. एका विद्यार्थ्याने खोके पडद्याआड धरून कधी कलवावे, कधी सपाट ठेवून सरकवावे. दुसऱ्याने खिडकीतून फक्त ओळंबा पाहून काय घडले ते सांगावे. क्षणभर पाहून उत्तर द्यायला लावले तर तो हमखास चुकेल. थोडा वेळ पाहू दिले तर बरोबर सांगेल, कारण ढकलल्याचा परिणाम लगेच ओसरतो आणि कलल्याचा टिकून राहतो. यातच सगळी मेख आहे. खेळाची आज्ञावली लिहिणाऱ्याने वाट पाहिली तर ड्रॅगन उशिरा वळतो. वाट न पाहिली तर वळवायला जावे आणि तो भलतीच गिरकी घेतो. समीक्षकांच्या तक्रारीही याच दोन होत्या. तो ऐकत नाही, आणि न सांगितलेलेच करतो. खेळाच्या आज्ञावलीच्या आत काय चालते ते आम्ही पाहिलेले नाही. हा बाहेरून केलेला तर्क आहे. पण लक्षणे रोगाशी जुळतात.

दुसरी उणीव याहून साधी. बैलगाडी हाकणाऱ्याच्या हातात कासरा असतो. कासरा ओढला की बैलाला कळते हे खरे, पण बैलाने मान ताणली की ते गाडीवानालाही कळते. दोर दोन्ही बाजूंनी बोलतो. सायकलच्या हँडलचेही तेच. नियंत्रकावरील साध्या दांडीलासुद्धा स्प्रिंग असते. सोडली की ती मध्यावर येते, आणि आपण मध्यापासून किती दूर आहोत हे अंगठ्याला न पाहता समजते. हवेत धरलेल्या नियंत्रकाला असा मध्य नाही. त्यात सिक्सॅक्सिसमधून कंप देणारी मोटरही काढून टाकलेली होती. हाताला काहीच कळत नसल्याने सगळी भिस्त डोळ्यांवर. दिसलेल्या गोष्टीला प्रतिसाद द्यायला माणसाला सुमारे एकपंचमांश सेकंद लागतो. आणि खेळ अतिशय बारीक तपशिलाचे चित्र दाखवण्याच्या हौसेपायी गर्दीच्या प्रसंगी अडखळत चाले, हीही अनेकांची तक्रार होती. अर्थात खेळाडूला जी एकमेव खबर मिळायची, तीही रेंगाळत.

एका मुद्द्यावर मात्र आम्ही खेळाची बाजू घेणाऱ्यांसोबत आहोत. ड्रॅगन जड वाटतो, विमानासारखा चपळ वळत नाही, ही तक्रार आम्हाला पटत नाही. प्राण्याची लांबी दुप्पट केली तर पंखांचे क्षेत्रफळ चौपट होते, पण वजन आठपट. क्वेत्झालकोआटलस या नामशेष उडत्या सरीसृपाच्या पंखांचा पसारा १० मीटरच्या आसपास आणि वजन अंदाजे २०० ते २५० किलो मानले जाते. चिलखत आणि स्वार वाहणारा, जहाजे फोडणारा ड्रॅगन त्याच्या कितीतरी पुढचा. असा प्राणी उडणेच कठीण. पण एकदा कल्पनेने उडवला, तर तो संथच वळायला हवा. त्याचा बोजा जाणवतो हे 'लेअर'चे यश आहे. जॉन डेब्नी यांचे वाद्यवृंदाचे संगीतही त्या बोजाला शोभणारे, आणि त्याची स्तुती नावे ठेवणाऱ्यांनीही केली. घोटाळा असा झाला की प्राण्याचे जडत्व आणि उपकरणाचा उशीर या दोन वेगळ्या गोष्टी हाताला सारख्याच लागतात. एका तटाने दोन्हींना दोष म्हटले, दुसऱ्याने दोन्हींना गुण.

"शिका म्हणजे जमेल" हा दुसऱ्या तटाचा मुख्य मुद्दा अर्धाच खरा आहे. सरावाने माणूस काय वाटेल ते शिकतो, पण एका अटीवर. तीच कृती केली तर तेच फळ मिळाले पाहिजे. काटा अडकणाऱ्या तराजूवर वजन करायला शिकवले तर विद्यार्थी वजन करायला शिकत नाही, तराजूला टिचक्या मारायला शिकतो. आम्ही स्वतः हा खेळ बराच काळ कलवून खेळलो. हात बसला असे वाटेपर्यंत गिरकी चुकायची, आणि चूक कोणती झाली ते मात्र कळायचे नाही. न जमण्यापेक्षा हे न कळणेच जास्त बोचले.

एप्रिल २००८ मध्ये कंपनीने सुधारणा दिली. आता दांडीनेही ड्रॅगन हाकता येऊ लागला. कथा तीच, चित्रे तीच, संगीत तेच. बदलला तो कासरा. निसर्गतःच घडून आलेला प्रयोग म्हणावा असा हा प्रसंग. पण याच सुधारणेत नव्या नियंत्रकाच्या कंपाचीही सोय आली, म्हणजे एका वेळी दोन चले बदलली. खेळ सुधारला तो दांडीमुळे की कंपामुळे, हे त्यावरून ठरवता येत नाही. आम्हाला दांडीने खेळताना सुटल्यासारखे वाटले खरे. तरी लक्ष्य पकडताना दृष्टिकोन भलतीकडे फिरणे आणि काही मोहिमांत नेमके काय करायचे ते न उमगणे, या खोडी तशाच राहिल्या. सगळे खापर नियंत्रकावर फोडणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे.

आणि गुणांचे काय? निरनिराळ्या समीक्षांचे गुण शंभरात बदलून त्यांची सरासरी देणाऱ्या मेटाक्रिटिक या सेवेत 'लेअर'चा आकडा ५३ आहे. ही सरासरीही साधी नव्हे. काही समीक्षांना जास्त भार दिला जातो, तो किती ते जाहीर केले जात नाही, आणि समीक्षकाने पुढे मत बदलले तरी पहिलाच गुण धरला जातो. म्हणजे सुधारणेनंतरचा खेळ त्या आकड्यात नाहीच. ५३ वाचून वाटते की खेळ मध्यम आहे. आम्हाला तर तो मध्यम मुळीच वाटला नाही; त्यातले काही उत्तम आहे आणि काही असह्य. एका वर्गात निम्म्यांना ८० आणि निम्म्यांना ३० गुण मिळाले तर सरासरी ५५ येते, पण ५५ गुण मिळवणारा विद्यार्थी त्या वर्गात एकही नसतो. एकाच विद्यार्थ्याला गणितात ८० आणि भाषेत ३० असतील तरी तेच.

फॅक्टर ५ ची अमेरिकेतील संस्था २००९ मध्ये बंद झाली. तिच्या अडचणी एवढ्या एका खेळाच्या होत्या असे म्हणणे घाईचे ठरेल. कलवून खेळण्याची कल्पना मात्र तिच्याबरोबर संपली नाही. प्लेस्टेशन ४ च्या २०१३ च्या नियंत्रकात तिन्ही अक्षांभोवतीचे फिरणे मोजणारा जायरोस्कोप आला. २०१५ च्या निन्टेन्डोच्या 'स्प्लाटून' या खेळात दांडीने ढोबळ दिशा घ्यायची आणि नियंत्रक किंचित फिरवून बारीक नेम साधायचा, अशी वाटणी केलेली आहे, आणि मुले ती सहज उचलतात. आपल्या खिशातल्या बहुतेक मोबाइलमध्येही आज हे दोन्ही मापक असतात. मापक दाखवणारे एखादे मोफत अ‍ॅप घेऊन वर्गात फोन आधी कलवावा, मग टेबलावर सपाट ढकलावा, आणि प्रवेगाच्या व फिरण्याच्या आलेखांत काय फरक पडतो ते मुलांनाच पाहू द्यावे. ओळंब्याचे खोके त्याच्या शेजारीच ठेवावे.